कुणी कुणाला फोन करायचा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माईकसमोर मी कधी उभी राहिले न्हाय. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. आवाज चढला तर सांभाळून घ्या. आणि रडायला आलं तर थांबते जरा.

मंगळवारी वसंतदादा गेले. दिल्लीत सरकारी नोकरीत होते, ठाऊकच हाय तुम्हाला. शेजारच्या देशातल्या अधिकाऱ्यांबरोबर बसून, वर्षानुवर्षं खपून त्यांनी एक कागद ठरवला. अतिरेक्यांनी विमान पळवून हद्दीपलीकडं नेलं, तर कुणी कुणाला फोन करायचा. एवढंच. निवृत्तीनंतर इथं गावी आले, तवा आपल्या वाचनालयात त्यांनी त्यावर भाषण दिलं. मी उठून ओरडले, "शेजारी आपल्याला पाण्यात बघतोय, आणि तुम्ही त्याला फोन करत बसताय व्हय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या की! दादा नुसते हसले. म्हणाले, "ताई, भांडण असू दे. पण घराला आग लागली तर हाक कुणाला मारणार?"

मी कसली ऐकतेय?

वर्षभरात माझी लेक आणि जावई काश्मीरला निघाले. नवीन लगीन. त्यांचंच विमान पळवलं. नेलं सरळ पलीकडं. मी कुठं धावले? दादांच्याच दारात. एका शब्दानं टोचलं न्हाय त्यांनी मला. दिवसभर समोर बसून राहिले. "फोन गेला असणार, ताई. तिकडची माणसं कामाला लागली असणार," हेच सांगत राहिले. आणि तसंच झालं हो! तिकडच्याच पोलिसांनी सगळ्यांना सोडवलं. लेक थंडीनं कुडकुडत होती, तर तिथल्या एका साहेबानं अंगातला कोट काढून दिला तिला.

पेढे घेऊन गेले मी, माफी मागायला. तर दादा म्हणतात, "आधी पोरीला जेवू घाला, मग बोलू." ते बोलणं राहिलंच. आज जाते, उद्या जाते, करत दोन वर्षं घालवली. खरं सांगू? लाज वाटत होती मला.

दादा, चुकलं माझं. चारचौघांत ओरडले, चारचौघांत सांगते. लई उपकार झाले तुमचे.

आता दोन मिनिटं उभं राहूया. दादांसाठी, आणि पलीकडं ज्यांनी तो फोन उचलला त्यांच्यासाठीबी. माझा नातू तिथं मागं लेकीच्या कडेवर हाय. मधीच रडला, तर कुणी त्याला गप्प करू नका.