कंप्यूटरवरचा घाट

आमचे आजे तुमसरकडले. मँगनीजच्या खदानीत काम भेटते म्हणून इकडे बालाघाटकडे आले अन् इकडचेच झाले. बाप उकव्याच्या खदानीत होता, मी ट्रकवर. घरी मराठी, बाहेर हिंदी, अन् गाडीले शिव्या द्यायच्या तं दोन्हीत. काय सांगू तुम्हाले, उकव्याले माल भरायचा, घाट उतरायचा, बालाघाटले येऊन खाली करायचा, आयुष्यभर हेच केलं. घाटाचं मले कधी काही वाटलं नाई. बिडी ओढत उतरायचो मी.

मंग मागच्या पावसाळ्यात ते झालं. झालं म्हणजे काही झालंच नाई, हेच तं सांगून राह्यलो. वळणावर ओला पाला पडला होता, भरली गाडी सरकली, ब्रेक दाबला तरी सरकतच गेली, सरकतच गेली, अन् पुढचं चाक कठड्याच्या दगडावर चढलं तवा थांबली. काचेतून रस्ता दिसतच नव्हता, खाली बांबूचे शेंडे दिसत होते. मी दार उघडून उतरलो, खरचटलं पण नाई. क्रेननं गाडी मागे ओढली. गाडीचा मालक सेठ म्हणे, नसीबवाले हो भैया, चलो, ले चलो नीचे. मी चढलो, स्टेअरिंग धरलं, अन् माहे पाय कापाले लागले. असे कापत होते का क्लच दबेच ना. दुसऱ्यानं गाडी खाली आणली. तवापासून घरीच हावो. लोकायले सांगतो कंबर दुखते.

माही पोरगी सोनी, तिचा नवरा म्हणजे आमचे जवाईबापू, त्यायचं बालाघाटलेच कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान हाये. एक दिवस रिक्शात कंप्यूटर घालून घेऊन आले, संगं स्टेअरिंग, खाली पायाचे पैडल. म्हणे मामाजी, ट्रक चालवाचा गेम हाये, टाइमपास होईन. आता टाइमपासले आणलं नाई हे मले समजे, त्यायले समजे, सोनीच्या मायले तं सगळ्याच्या आधी समजे, पण सासऱ्याले भेव लागते असं तोंडावर कोण म्हणन?

पहिले मी हसलो. सपाट रस्ता होता, मजा येत होती. मंग त्या गेममधला घाट आला. वळण आलं अन् चित्र अटकलं, हललंच नाई, अन् मंग एकदम उडी मारून पुढे गेलं, तवापर्यंत ट्रक दरीत. अरे बापा! खुर्चीवर बसून माही बनियान ओली झाली. पुन्हा लावलं, पुन्हा तिथीच अटकलं, पुन्हा दरी.

मी म्हनलं, जवाईबापू, याचं ग्राफिक कार्ड कमजोर हाये. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी हुशार झालतो. मोठं कार्ड पाहिजे, त्याले पावर सप्लाय पण मोठा लागते, नागपूरहून मागवा, वेळ लागला तं लागू द्या. ते म्हणे हौ मामाजी, कार्डानं पण फरक पडते. आमच्यात जवाई सासऱ्याची गोष्ट तोडत नाई. सैपाकघरात जाऊन आपल्या सासूले हळूच म्हणे, मामीजी, कार्डाचं नाई ते. तिनं मले वाढता वाढता सांगतलं. मी म्हनलं, त्यायले म्हणा मले दाखवा.

तं त्यायनं दाखवलं. चित्राची क्वालिटी पार खाली केली. झाडं म्हणजे हिरवे डबे, ट्रक म्हणजे टिनाचं खोकं. कार्ड थकत असतं तं आता गाडी पळाले पाहिजे होती. वळण आलं अन् तिथीच अटकली. मंग त्यायनं पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली, त्यात दिसे का कार्ड आरामात बसून हाये अन् जुन्या हार्ड डिस्कचा जीव निघून राह्यला. म्हणे मामाजी, पुढचा रस्ता त्या डिस्कवरून यावा लागते, ती हळू हाये, रस्ता येईपर्यंत चित्र थांबते. तुम्ही म्हणसान तं कार्ड मागवतो. पण एसएसडी, म्हणजे नवी पळणारी डिस्क, दुकानात पडली हाये, आजच लागते.

आजच लागते म्हनलं अन् मले ते आवडलं नाई. काहून? काहून का सेठचा निरोप आलता, घाटातून भरली गाडी उतरवून दाखवा, नाई तं मी दुसरा ड्रायव्हर पाहतो. कार्ड नागपूरहून येईपर्यंत सेठ दुसरा पाहून घेईन, मले काही ठरवाच लागणार नाई. असं माह्या मनात होतं. तवा मले पण ते धड समजलं नव्हतं.

एसएसडी लागली. गाडी तेलावाणी चालाले लागली. वळण आलं, चित्र अटकलं नाई, रस्ता सरळ समोर येत गेला, अन् मी ब्रेक दाबून भर उतारात गाडी उभी केली. जवाईबापू कंप्यूटरच्या डब्याकडे वाकले, म्हणे अजून अटकून राह्यली का मामाजी? नुसतं हौ म्हनलं असतं तं त्यायनं कार्ड मागवलं असतं. दारात सोनीची माय उभी होती. मी म्हनलं, नाई जवाईबापू, मशीन बरोबर हाये. मीच थांबवली. मले भेव लागते.

जवाईसमोर असं बोलणारा सासरा आमच्या खानदानात मीच पहिला असन. त्यायनं माह्याकडे पाह्यलं नाई, मान खाली घालून रुमालानं कीबोर्ड पुसत बसले. मंग म्हणे, मामाजी, पहिल्यापासून लावू?

आता रोज लावतो. कधी उतरते, कधी उभी करतो. पण कंप्यूटरात खरी दरी नाई न, पडलं तं पुन्हा लावता येते. सेठले हौ म्हनलं, परवा खरी गाडी उतरवाची हाये. अन् जवाईबापू म्हणते, मी बाजूले बसतो. मी म्हनलं, येड लागलं का तुम्हाले, सोनी पोटुशी हाये. ते म्हणे, म्हणूनच बसतो, तुम्ही सांभाळून उतरवसान. आता बोला! माहं भेव दुप्पट झालं. जेवण जात नाई. पण खरं सांगू, एकटा असतो तं वरतीच गाडी उभी करून पळून आलो असतो. आता पळता पण येत नाई. माह्या पोरीचा नवरा बाजूले बसून राहीन. उतरवाच लागीन.

घ्या, चहा थंडा होऊन राह्यला. तुम्ही बैहरकडेच जाणार न? मंग घाटानंच जासान. सुखरूप जा बापा, अन् पोचल्यावर घरच्यायले फोन करजा.