फिलोमिना मिसची शोकसभा

हॅलो?… हो, पुष्पलताच बोलते… कोण?… मिनल? खापरखेड्याची? वीजेच्या प्लांटमधल्या रुपरावजींची पोरगी?… अवं, आवाजच ओळखू नाही आला. थांब, स्पीकरवर टाकते, हात भरले आहे. आत्याले दलिया चारून राहिली…

आत्याले वं. तुमच्या लायब्ररीवाल्या फिलोमिना मिसले…

काय?… कोण गेली?… कोणं सांगितलं?…

रडू नको, पहिले ऐक. आत्या जिती आहे. माह्यासमोर खुर्चीवर बसली आहे…

फोटो? चर्चमधला, मेणबत्तीजवळचा?… तो मीच ठेवला होता. आत्याले नव्वद लागलं, म्हणून तिच्या नावानं मिस्सा दिली… मिस्सा वं, चर्चमधली प्रार्थना. ती जित्या माणसासाठीही असते, वाढदिवसालेही असते. इतके वर्षं कॉन्व्हेंटमधे शिकल्या तुम्ही, एवढंही माहीत नाही? फादरनं नाव घेतलं, कोणंतरी फोटो तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला, अन् तुम्ही सारे हात जोडून मोकळे…

नाही, मी कुठं रागावून राहिली… बरं, वाच. काय काय लिहिलं?… रजतनं? तो डॉक्टर झाला तो?… 'मिस आमची दुसरी आई'… हं. आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यालेच फोन लावला होता मी. मीटिंगमधे होता. अजून मीटिंगच चालू असंन त्याची…

पुढं वाच… रविवारची लायब्ररी. हे बाकी खरं लिहिलं. तुमचे बाप रात्रपाळी करून दिवसा झोपत. एवढ्याशा क्वार्टरात पोरांनी पान उलटलं तरी मार बसे. म्हणून आत्या चर्चमधून सिधी शाळेत जाई, कुलूप खोले, पुस्तकांवरची प्लांटची राख पदरानं पुसे. दहावीले तू तिथंच टेबलावर डोकं टेकून झोपत होती, अन् ती आपल्या डब्यातलं तुले चारे… आठवते न? तिलेही आठवते. 'मिनल येते का?' विचारते मले…

बोलते मी, बोलू दे मले. सिस्टर लोकं तिले आपल्यात धरत नव्हते, टीचर लोकंही नाही. लग्न नाही, लेकरू नाही. तुम्हीच होते तिचे. रिटायर झाली तर हातात भिंतीवरची घडी देली, अन् त्याच दिवशी लायब्ररीची चाबी वापस घेतली. कोणी विचारलं तिले, आता रविवारी काय करशीन म्हणून?…

शनिवारी? काय शनिवारी?… शोकसभा? हॉलही घेतला?… कोण कोण येऊन राहिलं?… सुशील हैदराबादहून? तिकीट काढलं त्यानं?… बापा.

मग चांगलंच झालं न. या सारे. हॉल काहून, घरीच या. मोहननगर, चर्चच्या मागं. मी तर्री-पोहे करते. आत्याले निळी साडी नेसवते. ओळखते ती सारेले, नाव घेऊन हाक मारंन…

काय?… रद्द?… काहून रद्द?… सुट्टी मयतीची म्हणून भेटली होती सुशीलले. असं… मग बाकीचे?… दिवाळीत पाहू. कोणत्या दिवाळीत वं?…

अन् तू? तू तर इथंच आहे, मनीषनगरात… पोराची क्लास. हो… हो. शोकसभा असती तर नसती क्लास?…



थांब. आत्या काहीतरी म्हणून राहिली… काय वं आत्या?… हो, मिनलच… असं नाही बोलत, आत्या… बरं, सांगते. सांगते न.

हॅलो, मिनल?… सारं ऐकलं तिनं. ती म्हणते, मी मेली असंच राहू दे. शनिवारी येऊ दे सारेले. मी मागं बसते चुपचाप, कोणाले दिसत नाही. एक डाव पोरं पाहून घेते…

हॅलो?… मिनल?… हॅलो?…

ठेवला तिनं, आत्या. घे, तोंड उघड. दलिया थंडा होऊन राहिला.