आधी तार, मग तोरण

चहा घ्या, पण साखरा गावच्या माझ्या मामाला हसू नका. मामा मोबाईलवर जुने इंग्रजी पिक्चर बघतो. त्यात गुरंवाले कुरणासाठी भांडतात आन हिरो घोड्यावर बसून गाणं म्हणतो, मग पिस्तूल काढतो. मी म्हणलं, "मामा, गाण्यानं कुठं कुरण सुटतं व्हय?"

यंदा गावच्या बड्या जमीनदारानं गायरानाला तारेचं कुंपण ठोकलं. पोळ्याला समदे बैल तोरणापाशी उभे; तोरण तुटलं की बैल सुटतात. पहिला मान जमीनदाराच्या जोडीचा. तेवढ्यात मामानं बैलाच्या तोंडून टोमण्याची झडती, म्हणजे पोळ्यातलं सवाल-जवाबाचं गाणं, म्हणली:

"गवत गावाचं, तार तुझी,
तू उपटतो, का शिंगं माझी?"

जमीनदार तडकला, "सणाला तमाशा काहून करून राहिला?"

"झडतीला झडतीनंच उत्तर असतंय, मालक. म्हणा."

तो तसाच तोरण तोडाया निघाला. गाव ओरडलं, "उत्तर दिल्याबिगर तोरण तुटणार न्हाई!"

शेवटी तो पुटपुटला, "उद्या काढतो तार."

मामा म्हणला, "उद्या न्हाई. आधी तार, मग तोरण."

तार निघाली, तवाच बैल हलले.

मी म्हणलं, "मामा, तुमी तर त्या हिरोच्या वरचढ निघाले."

"त्या बिचाऱ्यांच्या गावात पोळा न्हाई रे," मामा म्हणला, "म्हणून त्यांना पिस्तूल लागतं."