झबल्याचं कापड

माझी लेक आठव्या महिन्यातच झाली न्हाय का, तवाची गोष्ट. ती अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि मी झबल्याचं कापड आणायला गेलतो. चकचकीत जरीचं उचललं. दुकानदार चाचांनी ते माझ्याच गळ्यावर घासलं.

"टोचतंय?"

"व्हय की."

"मग तिला न्हाय टोचणार? मलमल न्या. दोनदा धुवून मगच शिवा. किती देऊ?"

"एका झबल्यापुरतंच. लई बारकी हाय, चाचा. पुढचं काय सांगावं..."

चाचा केवढ्यानं वराडले, "पावणं, पोरगी वाढणार न्हाय व्हय?" आणि दोन मीटर मोजायला लागले.

ती वाढणार, असं इतक्या दिवसांत कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. मी डोळे पुसले. म्हटलं, "तीन करा."

आता त्यातलं एकबी झबलं तिला बसत न्हाय.