नानांना तळमजल्यावरचा जावई हवा होता

मी मूळची नागपूरची, महालातली. भोपाळला येऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मराठीत अर्धी हिंदी शिरलीय, तेव्हा मधेच काही वेगळं ऐकू आलं तर सांभाळून घ्या, आणि लिहिताना फार सुधारू नका, नाहीतर वाचताना मलाच वाटायचं, ही कोण बाई बोलून राहिलीय.

तर आमचं घर म्हणजे नाना, आई, मी आणि बंडूकाका. नाना माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. बंडूकाका त्यांचे धाकटे भाऊ, अंगानं चांगले भरलेले, लग्न न केलेले आणि त्याबद्दल खूश असलेले. काका एका पायानं लंगडायचे, आणि ते का लंगडायचे हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही तुम्हाला. स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी नानांच्या कचेरीवर झेंडा चढणार होता. पताका लावायच्या राहिल्या होत्या म्हणून बंडूकाका शिडीवर चढले, आणि शिडी धरायला खाली नाना. तिकडे झेंडा फडकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तशा नानांनीही वाजवल्या. शिडी सोडून. काका पताकांसकट खाली आले. पुढे जन्मभर काका हसून सांगायचे, देश उठला बघा आणि मी पडलो. ऐकणारे हसायचे, आई हसायची, मी हसायचे, नाना मात्र उठून आत जायचे. त्यांनी ते मनाला लावून घेतलं ते घेतलंच.

तेव्हापासून आमच्या घरात उंचावर म्हणून काही ठेवायचं नाही. काय सांगू तुम्हाला, लोणच्याच्या बरण्या जमिनीवर, ट्रंका जमिनीवर, कॅलेंडर गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिथी बघायची तर उकिडवं बसा. देव्हाराही खाली घेतला, आई म्हणाली देवाला तरी राहू द्या वर, तर नाना म्हणाले देवाला काही होत नाही, देवाला फूल वाहायला तू स्टुलावर चढतेस त्याचं काय. मी एकदा जाळी काढायला पाटावर पाट ठेवून उभी राहिले तर नाना कचेरीतून आले ते चपलांसकट येऊन माझे पाय धरून बसले. शेजारीण बघून गेली आणि गल्लीत सांगत सुटली की नाना मुलीच्या पाया पडतात.

मग राज्यं नव्यानं आखली, राजधानी भोपाळला आली, आणि कचेरीबरोबर आम्हीही आलो. टेबलं आली, कपाटं आली, कारकून आले. आणि हे गाव तर तुम्ही बघताच आहात, एक रस्ता सरळ नाही, चढा नाहीतर उतरा. नाना टांग्यात डोळे मिटून बसायचे. टांगेवाला भोपाळी थाटात हाक मारून विचारायचा, को खां, साहब की तबियत ठीक है? काका म्हणायचे, तबियत ठीक है, टेकडी ठीक नहीं है.

आम्हाला क्वार्टर मिळालं ते अगदी नवं, भिंतींना चुन्याचा वास, आणि वीज यायची होती. गल्लीत खांब रोवले होते, तारा ओढायचं काम चालू होतं. एके दिवशी सकाळी मी अंगणात शेगडीवर दूध ठेवून आत गव्हात काहीतरी निवडत बसले होते, तर आकाशातून आवाज आला, अहो बाई, दूध उतू चाललंय! मराठीत. मी धावत बाहेर आले, दूध उतरवलं, इकडे बघते तिकडे बघते, कोणी नाही. मग वर बघितलं तर खांबावर एक माणूस, एका हातानं खांबाला मिठी मारलेली, दुसऱ्या हातात पक्कड, आणि हसून राहिलेला. तेच आमचे हे. म्हणजे तेव्हा ते हे नव्हते, तेव्हा ते वीज खात्यातले लाईनमन होते, वर्ध्याचे, आमच्यासारखेच बदलून आलेले. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या खांबांना इतकी दुरुस्ती कशी लागली हे मी कधी विचारलं नाही, आणि माझं दूधही रोज उतू जायला लागलं. आई म्हणायची, दूध फार पातळ देतोय हा गवळी.

यांची एक मावशी भोपाळातच होती, ती रीतसर विचारायला आली. नानांनी सगळं विचारलं, माणसं आपल्याकडची, पगार सरकारी, मुलगा निर्व्यसनी, नाना खूश, आईनं साखर आणायला सांगितली. मग नानांनी विचारलं, मुलगा बसतो कुठं कचेरीत? मावशी म्हणाली, बसत नाही, चढतो. झालं. नानांचा चेहरा असा झाला की मावशीनंच त्यांना पाणी दिलं. म्हणाले, बाई, मुलगा सोन्यासारखा असेल, पण माझी मुलगी मी जमिनीवरच्या माणसाला देईन. आणि आठवड्याच्या आत त्यांनी नागपूरच्या एका आबासाहेबांच्या मुलाचं स्थळ काढलं. मुलगा गोदामात कारकून. नाना घरभर सांगत फिरले, टेबल तळमजल्यावर आहे त्याचं, तळमजल्यावर! वर मजलाच नाही! जसं काही मुलगा बालिस्टर होता. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण आईनं पुरणपोळी केली होती, पण रडत जेवले.

आता गंमत बघा, त्याच सुमारास यांच्या खात्यात कमरेचे पट्टे आले. तोवर खांबावर चढायचं म्हणजे शिडी लावायची, वर गेलं की एका हातानं खांब धरायचा आणि दुसऱ्या हातानं काम करायचं, फार तर कमरेला साधा दोर. म्हणजे अर्धा माणूस काम करणार, अर्धा माणूस जीव वाचवणार. हा पट्टा चांगला रुंद, चामड्याचा, दोन बाजूंना लोखंडी कड्या, आणि एक जाड दोर खांबाभोवती फिरवून कडीत अडकवायचा. मग मागे रेलून उभं राहा, दोन्ही हात मोकळे. पण कोणी घालेना! लाजच वाटायची त्यांना. यांचा जोडीदार रशीदमियाँ, इतका चांगला माणूस, पण तोही म्हणाला, मियाँ, ये घोड़े का सामान हम नईं पेनते. पट्टे पडून राहिले. यांनी एक उचलला आणि थेट आमच्या दारात आले. नानांना म्हणाले, हा बघा, हा असला की माणूस पडत नाही, वाटल्यास तुम्ही पारखून घ्या.

नानांना पारखून घ्या म्हणणं म्हणजे संपलंच. नानांनी पट्टा उलटा केला, सुलटा केला, टाके नखानं उचकून पाहिले, वास घेतला. मग अंगणातल्या कडुनिंबाला गव्हाचं पोतं बांधून टांगलं. दिवसभर टांगलं. पोत्याला काही झालं नाही. नाना म्हणाले, पोतं हलत नाही, माणूस हलतो. काका म्हणाले, मला टांगा. आई नको नको म्हणत होती, पण काका पट्टा घालून तयारच, रशीदमियाँ आणि यांनी मिळून वर ओढलं, आणि काका जमिनीपासून हातभर वर लोंबकळायला लागले, पाय हलवून म्हणतात, दादा, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा सुटलो रे जमिनीवरून! नाना फांदीखाली दोन्ही हात पसरून उभे, काका पडलेच तर झेलायला. काकांचं वजन बघता ते झेलले असते तर नानांचंच काही उरलं नसतं. काका उतरले, ठणठणीत. नाना म्हणाले, झाड ते झाड, खांब तो खांब. आणि हेही सांगितलं, की आबासाहेब येत्या रविवारी संध्याकाळी मुलगी बघायला येताहेत.

मग मात्र माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी हे आणि रशीदमियाँ पट्टा परत न्यायला आले होते, शिडी समोरच्या खांबाला लावलेली होती, तारांत वीज अजून सोडलेली नव्हती. मी पट्टा घेतला, पदर खोचला, पट्टा कमरेला लावला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. नानांना म्हटलं, झाडाचं झालं, आता खांबाचं बघा. सगळी गल्ली बाहेर आली. नाना धावत आले, आधी पाय धरले, सवयच ती, मग म्हणाले, खाली उतर. मी म्हटलं, मग बघणार कोण? कोणीतरी वर जाऊन बघितल्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही. नाना पांढरेफटक पडले होते. म्हणाले, दे इकडे तो पट्टा.

आणि चढले हो! माझे नाना चढले! चष्मा काढून काकांच्या खिशात ठेवला, काही दिसायला नको म्हणून. हे त्यांच्या मागून, दोन्ही बाजूंनी हात लावून, अगदी लेकराला चढवावं तसं. खाली शिडीला काका आणि रशीदमियाँ. काकांनी शिडीला अशी मिठी मारली होती की शिडीच मोडते की काय वाटलं. नाना प्रत्येक पायरीला थांबून विचारायचे, बंडू, धरलीयस ना? काका ओरडायचे, धरलीय दादा, नाक खाजतंय तरी सोडली नाही! वर पोचल्यावर यांनी दोर फिरवला, कडीत अडकवला, म्हणाले, आता हात सोडा. नाना कसले सोडतात. हे म्हणाले, पट्टा धरेल तुम्हाला. बराच वेळ गेला. आईचा देवाला नवस बोलून झाला. मग एक हात सुटला, मग दुसरा, आणि नाना मागे रेलले, आणि काय आश्चर्य, तिथंच राहिले. आमच्याकडे बघून नुसतेच हसायला लागले. मग फर्मान आलं, माझा चष्मा पाठवा! लाईनमन लोकांची एक पिशवी असते, दोरानं अवजारं वर ओढायची, त्यात चष्मा घालून पाठवला. चष्मा लागला मात्र, नाना खाली यायलाच तयार नाहीत. तलाव दिसतोय म्हणे! कचेरी दिसतेय! जोशीबाई, तुमचे पापड कावळा नेतोय!

आणि तेवढ्यात म्हणाले, अरे, हा टांगा आपल्याकडे येतोय.

आबासाहेब होते. बायकोसकट. गाडी लवकर मिळाली म्हणून सकाळीच आले. गल्लीत गर्दी, आई हात जोडून उभी, डोळ्यांत पाणी, मुलगी पदर खोचून. आबासाहेबांनी काकांना विचारलं, नाना कुठायत? काकांना शिडी सोडायची नव्हती, दातओठ घट्ट आवळलेले, त्यांनी नुसती मान वर केली आभाळाकडे. आबासाहेबांनी हळूच टोपी काढली. त्यांच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि आईला जवळ घेऊन म्हणाली, कधी हो झालं हे? आणि वरून नानांचा आवाज आला, या या, आत बसा, सरबत घ्या, मी आलोच!

बाई किंचाळली. आबासाहेबांनी टोपी परत घातली. म्हणाले, नाना, तुम्ही कचेरीत कारकून आहात ना? मग हे काय? नाना म्हणाले, बघतोय. काय बघताय? नाना म्हणाले, वरून कसं दिसतं ते. नवराबायकोत कुजबुज झाली आणि बाई चांगलं ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, चला, खांबावर चढणाऱ्यांच्या घरातली मुलगी आपल्याला नको.

बस्स. माझे नाना, ज्यांनी नऊ-दहा वर्षं कॅलेंडर गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवलं, ते तिथून गरजले, काहून? खांबावर चढणाऱ्यात काय वाईट आहे? ही वीज काय तुमच्या तळमजल्यावरून चालत येणार आहे? टांगा वळला. नाना पट्ट्यात रेलून तसेच रागानं फणफणत होते. मग मान वळवून यांना म्हणाले, तुमच्या मावशीला सांगा, संध्याकाळी या म्हणावं, साखरपुड्याचं बोलू. आणि मग अगदी हळू, ते यांनी मला लग्नानंतर सांगितलं, नाना म्हणाले, मला उतरवा आता, माझे पाय राहिले नाहीत.

एकच अट घातली नानांनी. पट्टा रोज घालायचा, आणि बकल ते स्वतः लावणार. तुम्हाला वाटेल म्हणायला म्हटलं. अहो, लग्न झाल्यावर आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलो, तर नाना रोज सकाळी कचेरीला जाताना यायचे, यांची कंबर धरायचे, बकल लावायचे, दोन हिसके द्यायचे आणि जायचे. मग रशीदमियाँही येऊन उभे राहायला लागले, आमचाही बांधा म्हणून. मग आणखी दोघे. आमच्या दारात सकाळी लाईनमन लोकांची रांग आणि नाना एकेकाला हिसके देऊन राहिलेत. आमच्या यांचा मला राग यायचा कधी कधी, लहान मूल आहात का म्हणून. ते म्हणायचे, असू दे, त्यांना बरं वाटतं. आणि तुम्हाला सांगते, मलाही वाटायचं. हे खांबावर गेले की दिवसभर मी निवांत पोळ्या लाटायची.

नाना फार थकले तेव्हा माणसं ओळखेनासे झाले. मला स्वतःची आई समजायचे, काकांना कचेरीतले साहेब. शेवटच्या दिवसांत हे भेटायला गेले, वाकून नमस्कार केला, नोकरी संपून वर्ष झालेलं, अंगावर साधा लेंगा-सदरा. नानांनी ओळखलं नाही. पण त्यांचे हात आपोआप यांच्या कमरेकडे गेले आणि बोटं चाचपत राहिली, बकल सापडेना. घाबरले हो ते, रडायला लागले. यांनी काय करावं, आजोबांकडे राहायला आलेल्या माझ्या मुलाचा खुंटीवरचा पँटचा पट्टा ओढला, कमरेला गुंडाळला आणि नानांच्या हातात टोक दिलं. नानांनी लावला. दोन हिसके दिले. मग म्हणाले, जा. मी त्या दिवशी जेवढी रडले तेवढी नाना गेले तेव्हाही नाही रडले.

आमचे हेही आता नाहीत. पण झोपेत गेले, घरात, पलंगावर. लाईनमनच्या बायकोनं याहून काय मागावं?

मी आता मुलाकडे असते, इथंच भोपाळात, अवधपुरीत, चौथ्या मजल्यावर. नानांनी पायही ठेवला नसता. सध्या आमच्या बिल्डिंगला रंग देणं चालू आहे, पोरं दोरानं खिडकीसमोर लोंबकळत असतात, माझ्या चहाच्या वेळी. मी आधी विचारते, बेल्ट लगाया? ते म्हणतात, लगाया अम्मा. मी म्हणते, तसं नाही, इकडे ये, मला दाखव. खिडकीतून हात घालून दोन हिसके देते, मग चहा देते. सूनबाई म्हणते, आई, तुम्हीच पडाल. पडते कशाला, तिनं मागून माझी कंबर धरलेली असते. सुखरूप राहा रे बाबांनो, चढा खुशाल, संध्याकाळी आपापल्या घरी जा.