पाटी पुसण्यापूर्वी

— नाही, हा नको. तो बाजूचाही नको. तुम्ही ऐकत नाही आहात, म्हणून मी पुन्हा सांगते, आणि या वेळी माझं वाक्य संपेपर्यंत थांबा. मला वर्गातली टिपणं लिहिण्यासाठी टॅबलेट हवा आहे. वर्गातली टिपणं. गाणी ऐकायची नाहीत, खेळ खेळायचे नाहीत, आणि याच्या पाठीला किती कॅमेरे आहेत याच्याशी मला कर्तव्य नाही — चार आहेत म्हणता, असतील, चारांपैकी एकानेही कोणाचा अभ्यास होत नाही. लिहायला सोपा हवा, डोळ्यांना सोसेल असा हवा, पाच-सहा तास न कुरकुरता चालणारा हवा आणि माझ्या निवृत्तिवेतनात बसणारा हवा. चार अटी झाल्या. मघापासून तुम्ही एकेक अट मोडणारी वस्तू माझ्यापुढे ठेवताय आणि दर वेळी म्हणता, ‘मावशी, यातले फीचर्स तर बघा.’ मावशी म्हणू नका. बाई म्हणा. चाळीस वर्षं सगळं गाव बाई म्हणत आलं, आता या वयात मला नवं नातं नको. हसा, हसायला माझी हरकत नाही, पण हातातलं काम न थांबवता हसा. आणि ते गाणं जरा बारीक करता येईल का? — बंद नाही म्हटलं मी, बारीक म्हटलं. — हं. आता मला माझाच आवाज ऐकू येतोय.

तो खालच्या कप्प्यातला दाखवा. तो का लपवलाय? स्वस्त आहे म्हणून? स्वस्त वस्तू गुडघ्याच्या उंचीवर आणि महाग डोळ्यांसमोर, हे मला दारातून आत येतानाच दिसलं होतं. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते दारातूनच ओळखायची सवय आहे मला. आणा. पेन कुठंय? — वेगळा घ्यावा लागतो? म्हणजे पाटी विकायची आणि पेन्सिल मात्र ज्याची त्याने शोधायची. बरं, तो दाखवायला ठेवलेला पेन द्या, लिहून बघते. बघून काय घ्यायचं, लिहूनच घ्यायला हवं. — आता हे बघा. हे बघितलंत? मी हात टेकला आणि सगळीकडे ओरखडे उमटले. हात न टेकता कोणी लिहितं का? तुम्ही लिहिता? लिहून दाखवा. — राहू द्या, तुमचं अक्षर बघून मला त्रास होईल. आणि हे दुसरं बघा, माझं अक्षर लिहून झालं, मी पुढच्या अक्षरावर गेले, तरी याचा काना अजून येतोच आहे, उशिरा येणाऱ्या पोरासारखा, मान खाली घालून. शिकवणारा भरभर बोलत असेल तर याच्यावर काय लिहून होणार? नको. ठेवा तो पुन्हा गुडघ्याशी. तिथेच शोभतो.

हा? हा जरा बरा वाटतो. हात टेकला तरी गप्प आहे. काच घसरते थोडी, पण अक्षर ओळीत राहतंय. थांबा, मला नीट लिहू द्या. वर उजवीकडे दिनांक. वार. विषय. त्याखाली पट आणि हजर — म्हणजे वर्गात नावं किती आणि आलेत किती. नवीन फळा समोर आला की हात आधी हेच लिहितो, त्याला मी काय करू? पट एक, हजर एक. हं. वाईट नाही. मोठा किती आहे हा? बोटांनी नका दाखवू, आकडा सांगा. — पुस्तकाएवढा. चालेल. पिशवीत मावला पाहिजे, तिला दोन वाहनं बदलून जावं लागतं, त्यात डबा, पाण्याची बाटली, छत्री, तो पांढरा अंगरखा —

माझ्यासाठी? मला काय करायचाय? आमच्या सूनबाईंसाठी. अडतीस वर्षांची आहे. सकाळी एका दवाखान्यात दाराशी बसून रुग्णांची नावं लिहून घेते, आणि दुपारी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करते — रक्त तपासायचं, काचपट्टीवर घ्यायचं, कुठल्या पेशी किती ते मोजायचं. हो, या वयात. मीही तेच म्हटलं होतं. विरोध नाही केला मी, विरोध करणं माझ्या स्वभावात नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की अभ्यासाला एक वय असतं, बैठक लागते, आणि वीस वर्षांत तुझी बैठक मोडली आहे. खरं तेच सांगितलं. चिरंजीव म्हणाले, ‘आई, तू गप्प बैस,’ आणि ती म्हणाली, ‘राहू दे हो, त्या काळजीने बोलतात.’ काळजीने. — आणि मग सात महिने रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसून ती लिहीत राहिली. मी समोर खुर्चीत. मी समोर बसलेली असताना सात महिन्यांत तिने मला एकदाही एक शब्द विचारला नाही. मला. ‘आई, हे कसं पाठ करू, हे कसं मांडू’ — काही नाही. लागेल तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन करायची. पण टिपणं मात्र — मी कौतुक सहज करत नाही, तुमच्या लक्षात आलं असेल — टिपणं अशी होती की मी तपासायला घेतली असती तर लाल शाई वाळून गेली असती. समास सोडलेले, आकृत्या रंगवलेल्या, तांबड्या पेशी तांबड्या, पांढऱ्या पेशींना फिकट जांभळा. एका वहीत सगळं. म्हणजे याच्या आत जी वही असते, तीत.

जुन्याला काय झालं? बिघडला. वस्तू आहे, बिघडते. तुम्हाला विकायचाच आहे ना नवा, मग जुन्याची चौकशी कशाला? — अदलाबदलीत घेता? नाही, तसा तो द्यायचा नाही. आहे, पिशवीत आहे. दाखवते, पण हातात घ्या नीट, टॉवेल मीच गुंडाळलाय. तिला ठाऊक नाही मी आणलाय ते. ती आता त्याला हातही लावत नाही, कपाटात ठेवून दिलाय. — हो, चालू होतो. हो, काचही शाबूत आहे. बॅटरीही. तुमचं बरोबर आहे, बिघडलेला नाही. त्यातली टिपणं गेली. सात महिन्यांची सगळी वही, एका संध्याकाळी. आणि परीक्षा आता पाच आठवड्यांवर.

मग नवा कशाला, हे काय विचारणं झालं? कारण तिचा विश्वास उडालाय. जुन्यावरून आणि — स्वतःवरून. तिला वाटतंय तिनेच साठवताना काहीतरी चुकवलं. मैत्रीण म्हणाली, तू नीट साठवलं नसशील. दोन दिवस ती याच्यात शोधत बसली, प्रत्येक दार उघडून बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता मला म्हणाली, ‘तुम्ही म्हणत होता तेच खरं, आई, माझी बैठक मोडली आहे.’ रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. परीक्षेचा अर्ज भरलेला नाही तिने अजून. पुढच्या सोमवारी मुदत आहे. म्हणून मी म्हटलं, नवा, चांगला, लिहिता येईल असा घेऊन तिच्यापुढे ठेवावा, आणि म्हणावं — काय म्हणावं ते मी येताना रस्त्यात ठरवत होते. हा किती दिवसांत बिघडतो, हमी किती, ते सांगा. तो विषय बदलू नका.

— तुम्ही बदलला नाहीत. मीच बदलला.

आपोआप जात नाही म्हणता. कोणीतरी पुसल्याशिवाय सबंध वही जात नाही. खात्री आहे तुमची? — मलाही आहे. मीच पुसली. इकडे बघू नका, त्या टॅबलेटकडे बघा, म्हणजे मला सांगता येईल. ती गच्चीवर कपडे काढायला गेली होती, हा टेबलावर उघडा, पेन त्याच्यावर आडवा. मी जरा लिहून बघायला घेतला. आता शिक्षकाचं असं असतं, की वर्ग सोडताना फळा पुसल्याशिवाय पाय बाहेर पडत नाही. पुढच्या तासाला येणाऱ्याला आपला पसारा द्यायचा नाही. चाळीस वर्षं, दर तासाला, तेवढ्या वेळा मी हात धुतले नसतील. तर मी चार अक्षरं लिहिली, मग कोपऱ्यात एक चित्र दिसलं, ते दाबलं, आणि सवयीने — सवय म्हणजे काय, हात आपसूक जातो —

— नाही. विचारतो तो. हो, तुमचं खरं आहे, आधी विचारतो. ‘या वहीतील सर्व पाने पुसायची?’ असं विचारलं होतं त्याने. चांगलं शुद्ध वाक्य होतं. वाचता येतं मला. दोन पिढ्यांना वाचायला मीच शिकवलं. मी वाचलं, आणि ‘होय’ दाबलं.

थांबा, बसू द्या मला. पाणी नको. उघड्या पानावर हृदयाची आकृती होती. सुंदर. आणि तिने डाव्या बाजूला लिहिलं होतं उजवा कप्पा, आणि उजव्या बाजूला डावा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू — हे मी आत्तापर्यंत कोणाला सांगितलेलं नाही आणि तुमच्यासारख्या अनोळखी माणसाला का सांगतेय देव जाणे — मला आनंद झाला. सात महिन्यांत एक चूक सापडली. मी लाल रंग शोधून काढला, दोन्ही नावं खोडली, उलट लिहिली, आणि खाली शेरा मारला: ‘लक्ष कुठे आहे?’ ठसठशीत. मग शेजारी तिचं छापील पुस्तक उघडं होतं तिकडे नजर गेली. त्यात तसंच होतं, तिने काढलं होतं तसंच. माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरून ती आकृती काढतात. त्याचा डावा तो आपल्या उजव्या हाताला. — आणि मी कोण? कवायतीच्या तासाला मुलांनी उजवा हात वर करावा म्हणून त्यांच्यासमोर उभी राहून स्वतःचा डावा हात वर करणारी बाई. हे मला कळू नये? जिन्यात तिची पावलं वाजायला लागली होती. त्या शेऱ्याखाली माझं अक्षर, घरात कोणालाही ओळखू येईल असं. मला तो शेरा घालवायचा होता. त्याने सगळं पुसायचं का विचारलं आणि मला वाटलं, सगळं तर सगळं, पण हे तिला दिसायला नको.

ती आली तेव्हा मी खुर्चीत होते. वर्तमानपत्र हातात. — उलटं नव्हतं, तेवढी अक्कल शाबूत होती.

काय म्हणालात? पुन्हा सांगा. सावकाश. — पुसलेलं लगेच जात नाही? कुठे राहतं? डब्यात? कचऱ्याच्या डब्यात, याच्यातच, तीस दिवस? मग तिला कसं नाही सापडलं, तिने तर दोन दिवस कोपरा न् कोपरा — हां. हां, कळलं. जे कोणी पुसलंच नाही असं तिला वाटतंय, ते ती पुसलेल्यांत कशाला शोधेल? — आज चोविसावा दिवस. हो, मोजलेत. रोज मोजते. मग उघडा ना, तुम्हीच उघडा आणि काढा बाहेर, तुमचे काय पैसे होतील ते घ्या, मी तसाच कपाटात नेऊन ठेवते, आणि ती कधीतरी उघडेल तेव्हा तिला आपोआप — कुलूप? ती रेघांची खूण? ती तिलाच ठाऊक. तुम्ही इथे एवढी दुकानदारी करता आणि एक कुलूप उघडता येत नाही? — उघडलंत तर सगळंच कोरं होतं. नको. पुन्हा कोरं नको. हात लावू नका त्याला.

म्हणजे तिच्याच हातून उघडायला हवं. आणि डब्यात बघ असं सांगायला हवं. आणि डब्यात का, असं ती विचारणार. विचारेलच, वर्गात प्रश्न विचारणारीच असणार ती, मला मात्र सात महिन्यांत — आणि वही बाहेर आली की ते पानही बाहेर येणार. माझ्या शेऱ्यासकट. — तेवढं एक पान डब्यातच ठेवता येतं का? नाही. मलाही वाटलंच होतं. विचारून बघितलं.

हा नवा बांधू नका. नाही, महाग म्हणून नाही. चांगला आहे, माझ्या चारही अटींत बसतो, पुढे कोणी खरंच टिपणांसाठी आलं तर त्याला आधी हा दाखवा आणि गुडघ्यापाशी ठेवू नका. माझा टॉवेल द्या. असा नाही, घडी आधी, मग गुंडाळायचा. तासाभरात ती दवाखान्यातून घरी येईल, वर्गाला निघण्याआधी अर्धा तास टेबलाशी बसते. आज मी समोरच्या खुर्चीत बसणार नाही, शेजारी बसेन. काय बोलायचं ते रस्त्यात ठरवणार नाही. ठरवलं की मी छान वाक्यं करते.

आणि काय करताय? तो फडका ठेवा खाली. माझं अक्षर आहे ते, दिनांक, वार, पट एक, हजर एक. राहू द्या तसंच. — माझाही हात गेला होता, बघितलं मी. नका पुसू. जा, ते गृहस्थ केव्हाचे उभे आहेत, त्यांच्याकडे बघा.