सुट्टीत बंद होणारं हॉस्टेल

लोक जहाजानं परदेशी जायचे तेव्हाची गोष्ट. मेहकरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर मायलेक बोलत होते. लेक शेतकीचं पुढचं शिकायला कॅनडाला निघालेला.

"माय, कितींदा सांगू? दोन्ही कॉलेजं मले घ्याले तयार हायेत. पण एकाचं हॉस्टेल बारा महिने उघडं राह्यते."

"अन् दुसऱ्याचं?"

"थे नाताळात बंद होते. मंग पोरायनं जावं कुठी?"

"घरी."

"घरी याले जहाजानं महिना लागते वो. रस्त्यातच सुट्टी सरते."

"सरू दे. बंद होते थेच कॉलेज घे."

"डोकं नको खाऊ. काऊन पण?"

"अकोल्याले शिकत होता, तवा हॉस्टेलले कुलूप लागल्याबिगर तू कधी घरी आला?"